वृद्धाश्रमातले दोन गुरुवार

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. बरीच कार्यालयं अजून भाड्याच्या इमारतींत होती. माझा दवाखानाही तसाच, भाड्याच्या दोन खोल्यांत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि गावोगावी टँकर फिरत होते.

त्याच सुमारास वृद्धाश्रमांसाठी एक योजना आली. डॉक्टरनं दर आठवड्याला आश्रमात जायचं, प्रत्येकाला तपासायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची. त्याबद्दल मानधन मिळे. महिन्याच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण असल्या तर त्यावर जादा भत्ता. एक जरी चुकली तरी तो भत्ता गेला. खेड्यातल्या म्हाताऱ्यांकडे डॉक्टर नेमानं जावेत, हा त्यामागचा विचार, आणि तो चांगलाच होता. माझ्या वाट्याला शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरचा एक आश्रम आला. मी गुरुवार ठरवला.

आश्रमात वीसेक म्हातारी माणसं होती. त्यांचं सगळं एक सेविका बघायची. बौद्ध कुटुंबातली, दहावी झालेली, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. तिच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच. रजिस्टरच्या कागदावर ती पट्टीनं रेघा मारायची. वार, तारीख, वजन, रक्तदाब आणि शेवटी 'तक्रार' असा एक रकाना. पहिले दोन महिने मी तो रकाना मन लावून भरला. कुणाला खोकला, कुणाची झोप जाते, कुणाचा मुलगा पत्राला उत्तर देत नाही. तेही लिहायचो.

पुढं दवाखान्यात गर्दी वाढली. दुष्काळात जुलाबाचे पेशंट फार यायचे. मग गुरुवारी मी आश्रमात घाईनंच पोचू लागलो. तक्रारीच्या रकान्यात एकदा वर 'नाही' लिहायचं आणि खाली शेवटपर्यंत टिंबं काढत जायचं.

तिथं एक म्हातारी होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, म्हणून मीही. उमेदीची सगळी वर्षं तिनं माहूरला देवीच्या पायऱ्यांवर हळदकुंकवाची टोपली घेऊन काढली होती. मूलबाळ नव्हतं. गुडघे गेले तेव्हा जळकोटच्या भाच्यानं तिला इथं आणून सोडलं. माणसाकडं एकदा बघितलं की तिला बरंच कळायचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "लेकरा, जेवला न्हाईस तू." आणि खरंच मी जेवलो नव्हतो.

तिच्या पायावर सूज होती, रक्तदाबही जास्त होता. मी तिला लघवी जास्त होण्याची गोळी सुरू केली. सूज उतरली. त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी मी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होतो, तेव्हा तिनं हळूच विचारलं,

"लेकरा, ही गोळी बंद करता येती का?"

"का हो मावशी?"

"सारखं जावं लागतंय. संडास त्या टोकाला. आन्..."

"ती गोळी बंद करायची नाही. रोज घ्यायची. एक दिवससुद्धा चुकवायची नाही," मी म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

तिचं 'आन्' तसंच राहिलं. त्याच्यापुढं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. माणशी दिवसाला दोन तांबे पिण्याचं पाणी ठरवून दिलं होतं. त्यातलंही मावशी अर्धं प्यायची. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उन्हातून त्या टोकापर्यंत जाताना दोनदा तिचा तोल गेला होता. गोळी मात्र ती रोज घ्यायची, कारण डॉक्टरनं सांगितलं होतं.

पुढचा गुरुवार मी चुकवला. नांदेडला एकजण जुनं एक्स-रे मशीन विकत होता, ते बघायला गेलो. त्याच्या पुढच्या गुरुवारी दवाखान्यात रांग लागली होती आणि त्यातली बरीच माणसं फी देणारी होती. मी स्वतःशी म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, आठवड्याभरात काय बदलणार.

तिसऱ्या गुरुवारी गेलो तर सेविकेनं रजिस्टर पुढं केलं. "साहेब, मागचे दोन आठवडे कोरे हायत. महिना संपायलाय. शनिवारी तपासणीला योजनेचे साहेब येणार हायत."

तिला माझ्या भत्त्याची काळजी नव्हती. रजिस्टर कोरं दिसलं तर जाब तिलाही विचारला गेला असता. मी खुर्चीवर बसलो आणि दोन्ही आठवडे भरून काढले. आधीच्या पानावरचे आकडे बघायचे आणि थोडे खालीवर करून उतरवायचे. मावशीच्या नावापुढं मी लिहिलं, रक्तदाब ठीक. तक्रार नाही. ती समोर कोपऱ्यात खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजली होती. सेविका म्हणाली, "दोन-तीन दिस झाले, मावशी लई झोपून राहिली." मी म्हणालो, "ऊन किती आहे, झोपू द्या." आणि त्या दिवसाचे तिचे आकडेही न तपासताच लिहिले.

शनिवारी सकाळी आश्रमातून एक माणूस एसटीनं दवाखान्यात आला. मावशी बरळत होती, कुणाला ओळखत नव्हती. मी जीप करून निघालो. तिची जीभ बघितली तेव्हाच सगळं समजलं. जीभ कोरडी, चिरलेली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. डॉक्टरीच्या पहिल्या काही वर्षांत शिकवतात त्या खुणा. गुरुवारी नुसतं उठवून बसवलं असतं तरी दिसल्या असत्या.

तिला सिव्हिलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. सलाईन लावल्यावर दुसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. मी खाटेजवळ उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गोळी घेतली बरं का मी. एक दिस बी चुकले न्हाई."

 मी तिच्या पायावरची चादर उगाचच नीट केली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती.

जळकोटहून भाचा आला. शेतकरी माणूस, अंगावर प्रवासाची धूळ. त्यानं वाकून माझे पाय धरले. म्हणाला, "तुम्ही दर आठवड्याला येत होते म्हून येवढे दिस जगली. आमच्याच्यानं काही झालं न्हाई." मी त्याला उठवलं, "वय झालं होतं" म्हणालो. हे वाक्य मी कसं उच्चारलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. तेव्हा ते अगदी सहज आलं.

महिन्याभरानं योजनेतल्या डॉक्टरांची बैठक झाली. योजनेच्या साहेबांनी माझं रजिस्टर हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. एकही रकाना कोरा नाही, असं काम पाहिजे, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उठून खरं काय ते सांगावं असं मला वाटलं. मी बसून राहिलो, वर हसलोही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या गुरुवारी मी आश्रमात लवकर गेलो आणि सेविकेला सगळं सांगितलं. गोळीचं, मावशीनं विचारलं होतं त्याचं, रजिस्टरचं. तिला त्यातलं बरंच माहीत होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"साहेब, त्या दिशी मी तुम्हाला रकाने दाखवले. मावशी दाखवायला पायजे होती."

"चूक माझी आहे, बाई."

"तुमची हायच," ती म्हणाली. "पर माझ्या मनातून माझी बी जाईना."

तिनं रजिस्टर पुढं केलं ते माझे दोन गुरुवार कोरे होते म्हणून. नोकरी जाईल या भीतीपोटी ती माझ्या खोटेपणात ओढली गेली, आणि त्याचं ओझं तिनं एकटीनंच वाहिलं. मावशीइतकंच हेही मला खुपतं.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं. दोन फेऱ्या झाल्या नव्हत्या, नोंदी खोट्या होत्या, भत्ता परत घ्यावा. सेविकेचं नाव त्यात येऊ दिलं नाही. मावशीचंही लिहिलं नाही. तेवढं धैर्य तेव्हाही नव्हतं. तिथल्या कारकुनानं पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दिलेला भत्ता परत जमा करायला हिशेबात तसं हेडच नाही. आणि हे वर गेलं तर योजनाच बंद होईल. म्हाताऱ्यांचं नुकसान कशाला करता?" त्यानं पत्र घडी करून माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं. ते टेबलावर ठेवून मला निघून येता आलं असतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी गुरुवार चुकवला नाही. खाटेवर टेकून आधी विचारायचो, काल पाणी किती प्यायलात. पाऊस झाला, टँकर थांबले, तरी विचारायचो. काही म्हातारे हसायचे. सेविकेला पुढं नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली. जायच्या दिवशी तिनं नव्या बाईला खाटा दाखवल्या, औषधांचं कपाट दाखवलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "डाक्टर आले की आधी माणसं दाखवायची. वही मागून."

योजना बंद झाली तेव्हा बाकीच्या डॉक्टरांचं जाणं थांबलं. माझंही काही महिन्यांनी थांबलंच. दवाखाना मोठा झाला होता, मुलांच्या शाळा होत्या. कारणं खरी होती. तरी गुरुवारी सकाळी पहिला पेशंट तपासताना दंडाला पट्टा बांधला की माझा हात थोडा थांबतो, आणि मी त्याला विचारतो, अजून काही सांगायचं आहे का.