टेपवाले नाना

टेपवाले नाना झाड मोजायला लागले की बुंध्याला असे चिकटायचे, जणू मिठीच मारताहेत. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असा नियम. नाना जेमतेम पाच फुटांचे. छाती झाडाला टेकवायची, तिथेच टेप फिरवायची आणि "सायेब, लिवा," म्हणायचं. लिहिलेला आकडा मला दोनदा वाचायला लावायचे.

नाना वाशीजवळच्या शिरवणे गावचे. शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली आणि आमच्या जंगलखात्याच्या वाशीच्या कचेरीत त्यांना रोजंदारीवर मोजणीचं काम मिळालं. "आमची जमीन मोजून घेतली, आता मी सरकारची झाडं मोजतो," असं हसत म्हणायचे. मला तो विनोद वाटायचा.

मी कॉम्प्युटरवाला. त्या काळी नुसतं एवढं सांगितलं तरी लोक खुर्ची पुढे करत. जंगल वाढतं तेवढंच तोडायचं, म्हणजे ते संपत नाही. कुठला भाग कुठल्या वर्षी तोडायचा, याचं गणित मी कार्डांना भोकं पाडून मशीनला घालायचो. वाढ काढायची दोन मोजण्यांतल्या फरकावरून. पहिली मोजणी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच माणसाने केलेली, दुसरी नानांची.

सागाच्या रानात डबा खाताना एकदा नाना म्हणाले, "सायेब, पयला मोजनारा उंच गडी होता. माजी छाती त्याच्यापेक्षा वीतभर खाली हाय. खाली बुंधा जाडच असनार. तुमच्या मशिनला सांगा ना."

"नाना, मशीन सगळं बघून घेतं. तुम्ही टेप धरा," मी म्हणालो आणि वर हसलो. कळलं नव्हतं असं नाही. पण पुन्हा मोजायचं तर माझा अहवाल रखडला असता.

मशीनने काय डोंबल बघितलं! रान झपाट्याने वाढतंय, असा आकडा निघाला. साहेब खूश झाले आणि त्या आकड्याप्रमाणे कुऱ्हाड चालली. चार वर्षांत डोंगर बोडका झाला. नाना जाऊन बघून आले.

मग चौकशी बसली. "गणित बरोबर होतं?" मला विचारलं.

"हो."

"मग चूक कुठे झाली?"

"मोजणीत," मी म्हणालो.

नाना दाराशीच उभे होते. रानातलं ते बोलणं त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तरी रोजंदारीच्या माणसाचं कोण ऐकणार होतं? माझं ऐकलं असतं, आणि मी गप्प बसलो. थू माझ्या हुशारीवर!

नानांना काढलं, मला बढती मिळाली. शेवटच्या दिवशी त्यांनी टेप पुसून, नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली.

"सायेब, नवा मोजनारा ठेवाल ना, त्याची उंची तेवढी लिवून ठेवा," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी वही उघडली आणि लिहिलं : टेप एक, परत मिळाली.