निंबाखालची गाडी

मंगळवारी दुपारी आई वारली. ती वाशीमच्या दवाखान्यात होती. मी समोरच्या रस्त्यावर गाडीपाशी उभा होतो. गाडीच्या चाकाला जॅमर होता.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरी न्या. आईला ते कळलंच असावं. मी खाटेजवळ गेलो तेव्हा तीच म्हणाली, "मेडशीले ने मले. आपल्या गाडीत ने. त्या पांढऱ्या गाडीत नोको घालू." आमच्याकडे म्हातारी माणसं अँब्युलन्सला भितात. दवाखान्यातून त्या गाडीत बसून निघालेला माणूस बोलत घरी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हणालो.

गाडी दवाखान्याशेजारच्या मैदानात उभी होती, तिथे गाड्या लावायची परवानगी होती. पण मैदानात झाड नाही. कागदपत्रं व्हायला तासभर लागणार होता, आणि उन्हात तापलेल्या सीटवर तिला निजवायचं मला नको वाटलं. आईच्या माहेरी बैल कधी उन्हात बांधत नसत. मी गाडी घेतल्यापासून तिचा एकच धोशा असे, "सावली पाहून लाव रे बाबू." म्हणून मी गाडी दवाखान्यासमोरच्या निंबाखाली आणून लावली, मागची सीट पाडली, गादी अंथरली आणि सही करायला वर गेलो.

खाली आलो तेव्हा पुढच्या चाकाला पिवळं लोखंड अडकवलेलं होतं. निंबाच्या बुंध्याला 'नो पार्किंग'ची पाटी होती. तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर बांधलेला होता.

जवळच वाहतूक शिपाई उभा होता. मी सगळं सांगितलं. तो उर्मट नव्हता.

"सर, पावती आता फाडतो. पण चावी माह्यापाशी नाही. ते जॅमरच्या गाडीवाल्यांपाशी राहते, अन् त्यांची गाडी बसस्टँडकडं गेली."

"बोलवा ना त्यांना."

"बोलावलं. येऊन राह्यले. तुमी इथून हलू नका. मालक दिसला नाही का ते पुढं निघून जातेत. मंग संध्याकाळ."

म्हणून मी हललो नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी झाली. पुस्तक उशिरा आणणाऱ्यांचा दंड मीच घेत आलो. समोरच्यानं नियम सांगितला की मी तो पाळतो. मला दुसरं काही येत नाही.

पानठेल्यावरचा माणूस मघापासून बघत होता. तो म्हणाला, "सर, आंधी लोकं झाडाले बैल बांधत. आता सरकार झाडाखाली गाडी बांधून राह्यलं." दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पेशंट हाय का वर? काहून थांबले मंग? अँब्युलन्स करा ना, दारातच तं उभी हाय."

ती होतीच दारात. मी नाही म्हणालो.

वर आईजवळ बसलेल्या बहिणीचा फोन आला. "दादा, आई विचारून राह्यली, गाडी आली का?"

"सांग, आली म्हणून."

"मंग तू वर ये ना."

"चावीवाला येतो आहे. आलोच."

वरची खिडकी मला दिसत होती. रस्ता ओलांडून जिना चढायला दोन मिनिटं लागली असती. पण मी वर गेलो आणि तेवढ्यात चावीवाला येऊन गेला तर? मग तिला कशातून नेणार? मी चाकाजवळ बसलो. उठलो. लोखंड हलवून पाहिलं. ते हलत नाही हे माहीत असून पुन्हा पाहिलं.

बहिणीनं दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा ती नुसती रडली. त्यानंतर थोड्या वेळानं चावी आली. माणसानं जॅमर काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "न्या सर, झालं मोकळं."

देह खासगी गाडीतून न्यायचा नाही, असा दवाखान्याचा नियम निघाला, आणि आईला त्या पांढऱ्या गाडीतूनच न्यावं लागलं. बहीण तिच्याजवळ बसली. वाटेतलं मालेगाव ओलांडून मेडशीपर्यंत मी त्यांच्या मागे रिकामी गाडी चालवत होतो. मागची सीट पाडलेली, गादी तशीच. मी गादीला हात लावून पाहिला होता, ती थंड होती.

एकदाच, चौदावीच्या जेवणानंतर भांडी आवरताना बहिणीनं विचारलं, "दादा, तू वर काहून नाही आला?" मी म्हणालो, चावीवाला निघून गेला असता. तिनं मान हलवली आणि भांडी पुसत राहिली.

पावती गाडीच्या कप्प्यात आहे. गाडी मी आता उन्हात लावतो.