माझा फंड, साडूंचा फंड आणि धोंड्याचं जेवण

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर आमची मंजिरी सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

माझी बायको सुनंदा होती तोवर घरातल्या पैशाकडे मी कधी पाहिलं नाही. मी जालन्याला हायस्कुलात मराठी शिकवायचो, ती बँकेत होती. ती गेल्यावर तिच्या नोकरीचे पैसे आले. मंजिरी तेव्हा बारावीत, तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. हे पैसे त्यासाठीच. ते वाढायला हवे होते, आणि आपल्यालाही हे जमतं हे कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला म्हणजे, खरं तर सुनंदालाच.

तेव्हा म्युच्युअल फंडाचं वारं नुकतंच आमच्याकडे पोचलं होतं. मी एक फंड घेतला. माझ्या साडूंनी त्याच आठवड्यात दुसरा घेतला. साडू भोकरदनचे, मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान. झालं! पेपरात युनिटचे भाव यायचे आणि दर रविवारी आमचा फोन.

"साडूभाऊ, तुमचा किती?"

"तेरा."

"बस्स? आमचा अडतीस!"

 पलीकडून पडलेल्या आवाजात, "तुमचा माल भारी निघाला, सर. आमचा हलका."

आता आयुष्यभर कापसाचे भाव केलेल्या माणसाचा हा निर्वाळा! ज्याला भाव जास्त तो माल चांगला. मराठीच्या मास्तराने शंका काढायची तरी कशी? मधे माझा भाव दोन-चार रुपये उतरला, पण कापसाचा नाही का उतरत? उलट मीच त्यांना धीर द्यायचो. "होतं असं. नवीन माणूस चुकतो."

पुढे अधिक महिना आला. सासूबाईंची लेकच राहिली नाही, आता आपल्याला धोंड्याला कोण बोलावतंय, असं मी मनाशी धरून होतो. पण अंबडहून सासूबाईंचा फोन आला. "जावयाचा महिना हाय. तुम्ही काय जावई न्हाई का?"

 मंजिरीला घेऊन गेलो.

दोघा जावयांचे पाट शेजारी शेजारी. पानात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याचं बोलणं कुणी खोडायचं नाही. तेच नडलं हो!

मेहुणा दिलीप वाढता वाढता म्हणाला, "दाजी, तुमच्या फंडाचं काय म्हणून राह्यलं?"

मला तेवढंच हवं होतं. "ह्यांचा तेरा, माझा अडतीस. जवळजवळ तिप्पट!"

साडूंची बायको, म्हणजे सुनंदाची थोरली बहीण, चुलीपासूनच कडाडली, "ऐका! सरांना इचारून घ्या म्हणलं व्हतं का न्हाई? पर ह्यांना सगळं मोंढ्यातच कळतंय!"

साडूंनी हातातला धोंडा खाली ठेवला.

सासूबाई दारात उभ्या. "जावईबापू, माझे पोस्टात पडून हायेत. टाकू का मंग तुमच्या फंडात?"

"उद्याच काढून आणतो, आई," दिलीप म्हणाला. "जल्दी केलेली बरी."

"आणा," मी उदारपणे म्हणालो. "फॉर्म मी भरतो."

मंजिरी तूप वाढत होती. तिचा हात थांबला. "बाबा, आपण घेतला तेव्हा किती होता?"

"बेचाळीस."

"आणि काकांचा?"

"दहा," साडू म्हणाले. "नवीनच निघाल्ता."

"मग काकांच्या दहाचे तेरा झाले. आणि आपल्या बेचाळीसचे अडतीस."

साडू बोटांवर मोजू लागले. शेवटी साडू हळूच म्हणाले, "म्हंजे... मी फायद्यात हाय?"

"बिलकुल फायद्यात, काका."

"अन् मंग इतके रविवार मी कशापायी रडून राह्यल्तो?" ते पाटावर ताठ झाले. बायकोकडे पाहून म्हणाले, "वाढ अजून एक धोंडा!"

सासूबाई पुढे आल्या. "जेवा तुम्ही, जावईबापू. पोस्टातले पोस्टातच असू द्या." देवाला याहून जास्त काय बोलणार?

निघताना दोन्ही जावयांचा मान झाला. ताट, कापड, पाकीट. साडूंचं पाकीट साडूंच्या हातात गेलं. माझ्यापाशी सासूबाई थबकल्या आणि पाकीट मंजिरीच्या हातात ठेवलं. "सुनंदाच बघायची ना सगळं? आता तू बघ."

मला अपमान वाटला असं समजू नका. सुनंदा गेल्यापासून त्या घरात तिचं नाव कुणी न रडता घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. 

जालना आल्यावर विचारलं, "मंजू, त्या पाकिटाचं काय करायचं?"

"ठरलंय माझं," ती म्हणाली. "काकांच्या फंडात."