सड्यावरचे अर्धे डाव

खेळलेल्या खेळापेक्षा न झालेल्या खेळाचे किस्से जास्त साठतात, असं माझं मत झालंय. मी रत्नागिरीत वकिली करत होतो तेव्हा आम्ही चौघे गोल्फ खेळायचो. म्हणजे खेळायला जायचो. लोक विचारतात, "वर्षातून किती वेळा खेळायचात हो?" तर मला आकडा आठवत नाही, घोटाळेच आठवतात.

हा नाद आणला डॉक्टर बर्व्यांनी. विलायतेत शिकायला गेले होते, तिथून पदवीबरोबर काठ्यांची एक पिशवी घेऊन आले. गावाबाहेर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे खेळायचं ठरलं. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत. दिवाळीनंतर ते कापलं की चेंडू दिसू लागायचा. शिमगा झाला की जांभा असा तापायचा, की बुटातून चटके बसायचे. मधले काही रविवार उरायचे, तेवढेच आमचे. मुंबईच्या बोटीने चेंडू यायचे, तेही दगडावर आपटून कड्याखाली समुद्रात जायचे. शेवटचा चेंडू गेला की त्या दिवशीचा डाव संपला!

*

चेंडू ज्यात पाडायचा ते खड्डे जांभ्यात खणणं म्हणजे छिन्नीचं काम. डॉक्टरांनी पाथरवट बोलावला. त्याने पाच खड्डे कोरले, घाम पुसला आणि शेवटच्या खड्ड्यात हात घालून बघितला.

"डाक्तर," तो म्हणाला, "येवढ्याशा खड्ड्यात कलम जगायचा न्हाय."

डॉक्टरांनी त्याला समजावलं, की इथे आंबा लावायचा नाही, खेळायचं आहे. तो पाचही खड्ड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग येवढे खड्डे तरी कशाला वाया घालवायचे?" आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

*

आमच्यातले अण्णा परांजपे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, मूळचे हेदवीचे. त्यांची भावकी एवढी मोठी, की कोण कुणाचा कोण हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. गवत कापलं गेलं, वारा पडला, आम्ही काठ्या पुसून ठेवल्या, की हेदवीहून माणूस यायचा. कुणीतरी गेलेलं असायचं. अण्णांना सुतक. दहा दिवस घराबाहेर खेळायला जाणं बरं दिसत नाही. ते फिटतं न फिटतं तोच दुसरा माणूस दारात.

एका वर्षी तर अण्णांचा सगळा हंगाम सुतकातच गेला. शेवटी त्यांच्या आईच म्हणाल्या, "जा रे एक दिवस, मी कुणाला सांगायची नाही." त्या रविवारी अण्णा आले, काठी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागल्या महिन्यात गेला तो माझा चुलत चुलता," अण्णा म्हणाले. "मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. सुतक चालू होतं तोवर आठवलंच नाही बघा."

त्या दिवशी कुणीच खेळलं नाही.

*

मग विलायती मालावर बहिष्काराचे दिवस आले. एका सकाळी सड्याच्या वाटेवर काही स्वयंसेवक आडवे उभे. सगळे ओळखीचे, त्यातल्या निम्म्यांची तापाची औषधं डॉक्टरांचीच.

"डॉक्टर, हा साहेबाचा खेळ तुम्ही बंद करा," त्यांचा पुढारी म्हणाला.

डॉक्टरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "अरे बाबांनो, बहिष्कार घालायला आधी खेळ व्हावा लागतो."

ते हसले आणि बाजूला झाले. पण डॉक्टर पुढे गेलेच नाहीत. त्या पोरांपैकी एकाचा खोकला त्यांना बरा वाटला नव्हता. त्याला तिथेच दगडावर बसवलं, सदरा वर करायला लावला, पाठीला कान लावला. मग आम्हाला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." त्या पोराला घेऊन ते दवाखान्यात परत गेले. मुलगा पुढल्या पावसाळ्यापर्यंत जगला.

*

चौथे इब्राहिमभाई. त्यांची शिडाची फतेमारी होती, मलबारपर्यंत माल न्यायची. सड्यावरून सगळा समुद्र दिसतो. इब्राहिमभाई मारायला उभे राहिले आणि लांब एखादं शीड दिसलं, की काठी हातातच राहायची. शीड आपलं की दुसऱ्याचं हे कळेपर्यंत आम्ही सगळे थांबायचो.

एका वर्षी त्यांचा धाकटा भाऊ फतेमारी घेऊन गेला. पावसाळ्याआधी परत यायचा होता, तो आला नाही. बंदरातल्या लोकांनी आशा सोडली. इब्राहिमभाई आता सड्यावर यायचे नाहीत, असं आम्हाला वाटलं होतं. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते आमच्याआधी येऊन बसलेले.

"इब्राहिमभाई, तुमची पाळी," अण्णा हळूच म्हणाले.

"तुमी मारा. चेंडू खंय जातो ता मी बघतो."

ते समुद्राकडे तोंड करून बसले होते. चेंडू दुसऱ्या बाजूला जात होते.

*

डॉक्टरांचा डाव मात्र कधीच पुरा व्हायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्यापर्यंत गेलं, की पायवाटेवर माणूस दिसायचा. बहुतेक धावत यायचा. डॉक्टर काठी टाकून निघायचे.

एकदा मांडवीकडचा एक जण आला, तो चालत. डॉक्टरांनी मारायला उचललेली काठी सावकाश खाली घेतली.

"चालतोय," ते म्हणाले. "म्हणजे आता घाई नाही."

तरीही गेले. संध्याकाळपर्यंत त्या घरी ओटीवर बसून होते, असं मागाहून कळलं.

*

पुढे डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, पाय ओढत चालू लागले. ते अंथरुणाला होते त्या महिन्यांत गावात एक तरुण डॉक्टर आला. हुशार, हाताला गुण असलेला. लोक त्याच्याकडे जाऊ लागले. आजारी माणसाने थांबायचं तरी किती? त्यात कुणाचं चुकलं नाही.

बरं वाटू लागल्यावर डॉक्टरांनी आम्हाला निरोप धाडला. आम्ही त्यांना बैलगाडीतून सड्यावर नेलं. एका हाताने मारत होते. चेंडू चार पावलांवर जायचा, की आम्ही सगळे तिथवर जायचो, ते पुन्हा मारायचे. अण्णा म्हणाले, "इथेच थांबू या का?" डॉक्टरांनी मान हलवली. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला. ऊन चढलं. इब्राहिमभाई छत्री धरून त्यांच्या बाजूने चालत होते.

पाचव्या खड्ड्यात चेंडू पडला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी पुरा केलेला हा पहिला डाव. ते दगडावर टेकले. कपाळ पुसलं, घोटभर पाणी प्यायले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"उद्या येऊ या?"

मला उद्या कोर्ट होतं. अण्णांना पुलाच्या कामावर जायचं होतं. इब्राहिमभाई छत्री मिटत राहिले.

"बरं, मग परवा," डॉक्टर म्हणाले. "मी परवाही मोकळाच आहे."