दुपारच्या शिफ्टची कंदीलवाली

विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणारं माणूस टेक्सासमधल्या आमच्या अख्ख्या अर्विंग गावात एकच होतं, आणि ते आमच्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसायचं. आम्ही बाकीचे सगळे ‘कशी आहेस?’ला ‘मजेत’ आणि ‘भाजी कशी झालीय?’ला ‘मस्त’ म्हणून मोकळे होणारे. हिला भाजीचं विचारलं की ती घास नीट चावायची, गिळायची, क्षणभर छताकडे बघायची आणि म्हणायची, "मीठ बरोबर आहे. फोडणी करपली. वांगी कधीची आहेत?" हे तिने माझ्याच घरात, पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंसमोर ऐकवलं होतं. सासूबाई त्या दिवसापासून तिच्यावर भयंकर खूश. ती नागपूरची, माझ्यापेक्षा बाराच वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवशीच मला काकू म्हणाली. ‘अगं, नावाने हाक मार, इथे बॉसलासुद्धा नावाने हाक मारतात,’ असं मी म्हटलं, तर माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाली, "नाही हो, तुमच्याकडे पाहिलं की काकूच येतं तोंडात."

विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण जीव सगळा आकाशकंदिलांत. दिवाळीत चार दिवस हौस म्हणून नव्हे, बाराही महिने. तिच्या अपार्टमेंटमधल्या बाथटबमध्ये कायम बांबूच्या कामट्या भिजत पडलेल्या असत, त्यामुळे बाईसाहेब आंघोळीला जिममध्ये जात. फ्रिज उघडला तर दुधाशेजारी खळीचं पातेलं. एकदा माझ्या नवऱ्याने ती खळ दही समजून वाढून घेतली होती, आणि चांगले दोन चमचे खाल्ल्यावर ‘जरा आंबट हवं होतं’ एवढंच म्हणाला होता. नुसत्या चांदण्या ती करत नसे. फणसाचा कंदील, मक्याच्या कणसाचा कंदील, टेक्सासच्या माळावर तेल उपसणारा तो मान हलवणारा पंप असतो ना, त्याचासुद्धा कंदील, आणि तो खरोखर मान हलवायचा. इथल्या वाऱ्यात टिकतो की नाही हे बघायला ती कंदील गाडीच्या खिडकीतून बाहेर धरायची आणि मला हायवेवर ड्राइव्ह करायला लावायची. "दिवाळी संपली की माळ्यावर का टाकायचा कंदील?" हा तिचा लाडका प्रश्न. लोकांनी घरात, हॉटेलात, लग्नात वर्षभर कंदील लावावेत आणि ते आपल्या कारखान्यातले असावेत, एवढंच तिला हवं होतं.

एका सोमवारी तिने राजीनामा दिला. ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम करता करता मला म्हणाली, "काकू, नोकरी सोडली. आता डान्स करणार. एक्झॉटिक. क्लबमध्ये."

"म्हणजे ते… कपडे…?"

"हो, काढतात ते," ती म्हणाली आणि डबा ढवळून पुन्हा एक मिनिट लावला.

मी तिथल्या स्टुलावर बसले. तिचं गणित मात्र पक्कं होतं. घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली होती, सिटिझन होती, व्हिसाची टांगती तलवार नव्हती. ऑफिसचे दहा तास गेल्यावर कंदिलासाठी जी उरते ती बाई थकलेली असते, असं तिचं म्हणणं. क्लबमध्ये आठवड्यातून चार दुपारी गेलं तरी कारखान्यापुरते पैसे सुटणार होते आणि उरलेला सगळा वेळ कंदिलांना मिळणार होता. निर्णय घेण्याआधी ती तीन क्लब बघून आली होती आणि घरी येऊन तिने त्यांचा तक्ता केला होता. पार्किंग, स्टेजची अवस्था, मॅनेजरची भाषा, स्वच्छतागृह, सगळ्याला वेगळे रकाने. अशा ठिकाणी दुपारची शिफ्ट असते आणि गिऱ्हाईकांसाठी लंच बुफेही असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पन्नाशी उलटली तरी माझ्या ज्ञानात अजून बरीच भर पडायची होती!

मी जात्याच चौकशीखोर. तिने एका टायरच्या दुकानामागे गाळा भाड्याने घेतला होता. तिथे मी दर शनिवारी कामट्या तासायला मदत म्हणून जायची, म्हणजे खरं तर प्रश्न विचारायला. ती हातातलं काम न थांबवता उत्तरं द्यायची. क्लबमध्ये नाव काय घेतलंस? "पैठणी." तो गाणी लावणारा माणूस त्याचा जो उच्चार करायचा, तो ऐकून येवल्याच्या विणकरांनी माग बंद केले असते. जेवतेस काय? घरचा डबा, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. बरोबरच्या मुली कशा आहेत? चांगल्या आहेत, तिला ताई म्हणतात, आणि त्यांच्या टॅक्सचे कागद हीच भरून देते. पहिल्याच आठवड्यात तिने त्या क्लबमधल्या चुकांची तेवीस कलमी यादी करून मॅनेजरला दिली होती. निसरड्या पायऱ्या, सैल झालेला खांब, मेकअपच्या खोलीतला मिणमिणता दिवा. प्रत्येक कलमापुढे ‘गंभीर’, ‘मध्यम’, ‘किरकोळ’ असा शेरा. मॅनेजरने बिचाऱ्याने महिन्याभरात सगळं दुरुस्त केलं. ऑफिसात तिच्या याद्या दोन-दोन वर्षं कोणी उघडून बघत नसे.

"आईला सांगितलंस?" मी एकदा धीर करून विचारलं.

"सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. मग फोन करून म्हणाली, गुडघे सांभाळ."

"आणि लाज नाही वाटत गं?"

"पहिले चार दिवस वाटली. मग पाय इतके दुखायला लागले, की लाजेकडे लक्षच नाही गेलं." मग कामटी वाकवता वाकवता म्हणाली, "काही माणसं घाण असतात, काकू. ऑफिसात पण होती. तिथे तक्रारीचा फॉर्म भरावा लागायचा, इथे दारावरचा माणूस त्यांना उचलून बाहेर ठेवतो."

मला तिचं हे सगळं आवडत होतं असं नाही. काळजी वाटायची, कधी रागही यायचा. पण त्या गाळ्यात गेले की घरी परत यावंसं वाटायचं नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तिला साठ कंदील सांगितले. मी कमिटीवर होते, शब्द मीच टाकला होता. लग्नाचे हॉल सजवणारी एक मोठी बाई ते कंदील टांगलेले बघायला येणार होती. तिला पसंत पडले, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. "हे जमलं ना काकू, तर जानेवारीपासून डान्स बंद. नुसते कंदील," ती म्हणाली. तीन महिने तिने त्या साठ कंदिलांसाठी जीव काढला. एकासारखा दुसरा नाही. झिरमिळ्यांचे कागदसुद्धा घरी रंगवलेले.

कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी, रविवारी दुपारी सेक्रेटरींच्या घरी मीटिंग होती. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि आमचे खजिनदार घसा साफ करून म्हणाले, "एक डेलिकेट मॅटर आहे. त्या कंदीलवाल्या बाई काय काम करतात, याची मला खात्रीलायक माहिती मिळालीय." मग त्यांनी ती दिली. क्लब कुठल्या रस्त्यावर आहे, आत डाव्या हाताला बुफे कसा आहे, बाईंचं तिथलं नाव काय, सगळं अगदी तपशीलवार. "आपल्या कार्यक्रमाला मुलं असतात," ते म्हणाले. "फॅमिलीज असतात. मला पर्सनली काही नाही, पण लोक काय म्हणतील?" एक-दोघांनी उरलेल्या वड्यांना हात घातला. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिची जीभ ऑफिसात व्हाइस प्रेसिडेंटपुढेही कधी अडखळली नाही, ती म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू या." आमच्या मंडळात ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणजे नाही. हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. त्या आठवड्यातच मंडळाने दुकानातून तयार प्लास्टिकचे कंदील आणले.

सांगायला मी स्वतः गेले. एवढं तरी केलं. गाळ्यात साठच्या साठ कंदील छताला टांगलेले होते, आणि ती शिडीवर चढून एकेकाची वायर तपासत होती. मी सगळं सांगितलं, खजिनदारांचं भाषण, बुफे, तपशील. ती खाली उतरली. रडेल, चिडेल असं मला वाटलं होतं.

"तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"काकू," ती अगदी शांतपणे म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही मला एवढे प्रश्न विचारले. त्या खजिनदारांना एक नाही विचारता आला? तुम्ही त्या क्लबात कशाला गेला होतात, एवढंच?"

खरं सांगते, हा प्रश्न त्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्या मनात आला होता. तो तिथे बसलेल्या सगळ्यांच्याच मनात आला असणार. वड्याबरोबर आम्ही तो गिळला.

कंदील वाया गेले नाहीत. क्लबातल्या मुलींनी आपापल्या घरांसाठी नेले, टायरवाल्याने दोन दुकानात लावले. पण ती सजावटवाली बाई काही आली नाही, आणि जानेवारीत डान्सही बंद झाला नाही. तो बंद व्हायला आणखी दीड वर्ष लागलं, आणि गुडघ्याचं एक ऑपरेशन. आता ती न्यू मेक्सिकोत असते. तिथे तिचा कारखाना आहे, चार माणसं कामाला आहेत, आणि वर्षभर कंदील खपतात.

मी अधूनमधून फोन करते. पाऊस आहे का, माणसं टिकतात का, गुडघा कसा आहे, असं विचारत राहते. ती पूर्वीसारखीच सगळ्याची सरळ उत्तरं देते, आणि काकूच म्हणते. तू मला माफ केलंस का, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही. ती खरं सांगेल.