पावसला, पाय बघायला

आंबा घाट उतरला की कोल्हापूरचा गारवा मागे राहतो आणि एसटीच्या खिडकीतून येणारं वारं अंगाला चिकटायला लागतं. एरवी इथे मी स्वेटर काढून खुशीत बसतो. या वेळी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. पावसला ताईकडे निघालो होतो, भावोजींचा पाय बघायला.

तो पाय माझ्यामुळे मोडला. दिवाळीत त्यांना मागे बसवून गाडी मी चालवत होतो. वळणावर फोन वाजला, मी खिशात हात घातला. नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळी घालावी लागली. सगळ्यांना मी सांगितलं, म्हैस आडवी आली. भावोजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

रत्नागिरीला गाडी बदलली आणि डुलकी लागून थांबा चुकला. सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरून) उन्हात मागे चालत आलो. खाली कलमांच्या बागांत सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या.

"झोपलास ना गाडीत?" ताई अंगणातूनच म्हणाली. "दिन्या, तुला एक दिवस गोव्याला नेऊन सोडतील."

भावोजी पडवीत काठी टेकवून बसले होते. "आलास काय? वायच (जरासा) दम खा."

घावणे आणि नारळाचा रस समोर आला. भावोजी आंब्यांबद्दलच बोलत होते. दरवर्षी तेच झाडावर चढून झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढतात. "उद्या डॉक्टरीण हो म्हणाली की यंदापण मीच."

"आणि सळी मोडली म्हणजे?" ताई म्हणाली.

"तोंडात चांगलं काही येतच नाय तुझ्या!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रिक्षाने दवाखान्यात निघालो. खड्डा आला की भावोजी दांडी घट्ट धरायचे आणि लगेच मला मोहोराबद्दल काहीतरी सांगायला लागायचे. मी बघितलं. मोहोराबद्दलच विचारत राहिलो.

दवाखान्यातलं एक्स-रे मशीन बंद होतं. रत्नागिरीला जाऊन काढायला भावोजी तयार नव्हते. हंगामानंतर बघू, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी नडगी दाबून पाहिली. "दुखतं?"

"छे."

"मग उकिडवे बसून दाखवा. हाड जुळत आलेला माणूस खाली बसतो आणि तोंड वाकडं करत नाही. आम्ही तेवढ्यावरही बरंच ओळखतो."

भावोजी बसले. पार खाली. आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर ते हसू मला हवंच होतं. त्यासाठीच इतक्या लांब आलो होतो.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

पडद्यापलीकडून सगळं ऐकू येत होतं. "उठा. आता परत बसा. हसू नका, इथे कोणी नाही."

"आई गंऽऽ!"

"कुठे?"

"हितं. मोडलं होतं तिथंच."

"मग मघाशी का बोलला नाहीत?"

"मेव्हणा उभा होता ना. तो आधीच अर्धा झालाय हो."

बाकावर बसलो.

हाड अजून जुळलेलं नाही असंच धरून चाला, बाई म्हणाल्या. झाडावर चढायचं नाही, काठी सोडायची नाही, आणि एक्स-रे काढून यायचंच.

घरी पोचताच ताईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बरं आहे म्हणाल्या," भावोजींनी सुरुवात केली.

"नाही ताई, दुखतंय त्यांना. झाडावर चढायचं नाही." थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. "आणि म्हैस आडवी आली नव्हती. मी फोन काढत होतो."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्हीपण म्हैस म्हैस करत होतात?"

माझ्याशी ताई दिवसभर बोलली नाही. रात्री बांगड्याचं तिखलं वाढलं, पण 'अजून घे' म्हणाली नाही. ते योग्यच होतं.

परतीच्या गाडीने घाट चढायला घेतला तेव्हा भावोजींचा फोन आला.

"पोचलास काय?"

"घाटात आहे. पाय कसा आहे?"

"ठणकतोय मेल्या! रात्रभर डोळ्याला डोळा नाय. आणि तुझी बहीण मला अंगणापलीकडं सोडत नाय. काय सांगू तुला!"

मग गाडी वर येईपर्यंत ते सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. दिवाळीपासून ते माझ्याशी इतकं खरं पहिल्यांदाच बोलत होते.