चुंबकाला न चिकटलेली सळई

आमच्या घरी माणसाची पारख चेहऱ्यावरून व्हायची आणि स्टीलची चुंबकावरून. पहिल्या पारखीत आपल्या वडिलांची चूक झाली, असं माझी बायको मला समोर बसवून अजून सांगते. दुसरीतली चूक मात्र आम्ही नवराबायकोने मिळून केली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमच्या दारी आली, की बायको बिघडलेल्या रेडिओतलं चुंबक घेऊन बाहेर यायची. वाटीला चुंबक चिकटलं तर वाटी नकली, घसरून पडलं तर असली. त्यामुळे मी जाम गावच्या भंगारवाल्याकडून अंगठ्याहून जाड अशा दोन चकचकीत सळया आणल्या, तेव्हा त्यांचीही परीक्षा झालीच. एकीला चुंबक चिकटलं नाही. ती फडक्यात गुंडाळून शेडमधल्या फळीवर गेली. दुसरीला टपकन चिकटलं.

"नकली आहे. फसवलं तुम्हाले," बायको म्हणाली आणि ती सळई तिने न्हाणीजवळ दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवली.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये माझी जुनी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, होती. नोकरी पोटासाठी आणि लेथ जिवासाठी, असं मी लोकांना सांगत असे. एका लग्नाच्या पंगतीत, बुंदी जरा जास्त झाल्यावर, मी मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला म्हणूनही टाकलं, "भाऊजी, पंपाचं काही झालं तर बाहेर नका जाऊ. घरची लेथ आहे."

भर वैशाखात, एका सकाळी, भाऊजी दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून दारात उभे राहिले. देवळीजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा. दुपट्ट्यात पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा होता, दोन तुकड्यांत.

"काय इंजिनेर, म्हनलं होतं नं तू? आलो बाबा."

"वर्ध्यात दाखवलं काय कोणाले?"

"दाखवलं. थांबा म्हणते, लग्नसराई आहे, कारागीर गावाले गेले. मी थांबतो रे, वांगे कसे थांबतीन? तुही बाई पहाटपासून दोरीनं पाणी शेंदून राह्यली. एका वाफ्याले पाजते तवरिक दुसरा मान टाकते."

 बहिणीला आम्ही बाई म्हणतो. तिचं पाठीचं दुखणं मला ठाऊक होतं, विहिरीची खोलीही ठाऊक होती. विहिरीत पाणी होतं. फक्त ते वर येत नव्हतं, आणि ते वर आणायचं माझ्या हातावर येऊन ठेपलं होतं.

अर्थातच मी फळीवरची असली सळई काढली. बहिणीच्या मळ्याला नकली माल कसा लावायचा?

तिचा नवा शाफ्ट कातायला घेतला, सुरुवातीला बरं चाललं. मग धातूची निळसर साल लांबच लांब निघू लागली, तुटेचना. ती गरगरत सळई पकडणाऱ्या चकला गुंडाळायची, मी मशीन बंद करून पकडीने सोडवायचो. कापणाऱ्या टूलची धार गेली. ग्राइंडरवर लावली, पुन्हा गेली. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं, हात हलका केला. केसाएवढं कापायचं, हळूहळू, गोंजारत. सळई आरशासारखी चमकू लागली आणि टूल तिच्यावरून नुसतं घसरू लागलं. या जातीच्या स्टीलला घासत राहिलं की त्याची वरची कातडी आणखी कडक होते, हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी मी बिचारा तिला गोंजारून गोंजारून दगड करत होतो.

दुपारी व्होल्टेज पडलं. लेथ कण्हत फिरू लागली. शेडचं टिन इतकं तापलं होतं, की घाम नाकावरून सळईवर पडायचा आणि चर्र वाजायचं. सळई थंड ठेवायला मी स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं. सगळ्या घराला फोडणीचा वास सुटला.

"काय तळून राह्यले?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"मलेच," मी म्हणालो.

भाऊजी हसले नाहीत. ते शेडच्या दारात उकिडवे बसून उन्हाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आता सांबार गेला असन." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ती पाण्याविना सर्वांत आधी जाते. मी जोर लावून टूल आत घातलं. ते रुतलं, टोक उडालं आणि सळई मधोमध वाकली.

मी मशीन बंद केलं. तोंड धुवायला जावं, तर भाऊजींच्या समोरून जावं लागणार. म्हणून तसाच उभा राहिलो.

भाऊजींच्या हाताला काही चाळा हवा होता. फळीवरचं चुंबक त्यांनी उचललं आणि मोडक्या शाफ्टपाशी नेलं. टपकन चिकटलं.

"हे तर चिकटते रे!" ते म्हणाले. "काऊन? कंपनीनंच नकली घातला काय?"

खिडकीतल्या बायकोसकट आम्ही तिघेही एकाच वेळी न्हाणीकडे बघू लागलो.

"माह्या दोडक्याले हात नका लावू," बायको म्हणाली. मग बहिणीची आठवण झाली असावी; स्वतःच गेली आणि वेल जपून सोडवू लागली. सगळा सुटला नाही. फुलं आलेला अर्धा वेल तिच्या हातात तुटून आला.

ती सळई मुकाट्याने कापली गेली. साल आखूड तुटत होती, टूल टिकत होतं. पण दर कापाला मशीन थांबवून मी माप घेत होतो. सळई एकच होती आणि बेअरिंगच्या जागी केसाएवढं जास्त कापलं गेलं असतं तर संपलंच होतं. पंपाचा पंखा घट्ट बसवणाऱ्या चावीची खाच मी रात्री कानशीने काढली. बायको कंदील कोणी न सांगता नीट धरत होती, यावरूनच प्रसंग किती वाईट होता ते कळावं.

सकाळी पहिल्या बसने मी आणि भाऊजी देवळीला गेलो. बाई विहिरीवरच होती. तळहातांना चिंध्या बांधलेल्या. "आला काय?" एवढंच म्हणाली आणि बादली वर ओढत राहिली. शाफ्ट बसवून पंप सुरू केला तेव्हा आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी. तेव्हा कुठे तिने दोर सोडला.

पाणी सरीतून पुढे सरकत होतं आणि बाई फावडं घेऊन त्याच्या मागे. सांबाराचा वाफा पिवळा पडला होता. तिथे तिने पाणी वळवलं नाही, सरळ पुढे नेलं. भेंडीपाशी थांबली, एक झाड हलवून पाहिलं, तिथेही वळवलं नाही. वांग्यांना दिलं.

"टिकन काय रे हे?" तिने लांबून ओरडून विचारलं.

"टिकन!" मीही ओरडलो.

मला काहीच माहीत नव्हतं. मी पंपाजवळ बसलो, बेअरिंगवर हात ठेवला आणि ते तापतंय का बघत ऊन डोक्यावर येईपर्यंत उठलो नाही. बाईने दोनदा जेवायला हाक मारली. वांग्याच्या शेवटच्या सरीत पाणी पोचल्यावर गेलो.